डोमाजीची खुर्ची

परवा नेहरू नगरात एका वरातीनं रस्ता अडवला आणि मी रिक्षात अडकून पडलो. समोर लाल कोटातला क्लॅरनेटवाला घामाघूम होऊन वाजवत होता. नवऱ्याच्या मित्रांपैकी एकजण नाचता नाचता त्याची कॉलर धरून त्याला आपल्याकडे ओढत होता. तो ओढला जात होता आणि वाजवतही होता. तोंडातलं वाद्य काही सुटलं नाही. रिक्षावाला खूश होऊन म्हणाला, "क्या फूंकता है, अंकल!" मी गप्प राहिलो. मला डोमाजी मेश्राम आठवले होते, आणि ते आठवले की माझं तोंड आपोआप मिटतं. जन्मभर तोंडावर पोट भरलेल्या माणसाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही.

मी दुभाषी होतो. रायपूरच्या मराठी घरातला, नुकता बी. ए. झालेला, आणि घाईघाईत रशियन शिकवून भिलाईच्या पोलाद कारखान्यात धाडलेला. तेव्हा भिलाई म्हणजे लाल माती, तंबू, खांब आणि धुरळा. पहिली भट्टी सुरू झाली होती, पुढच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या. रशियन इंजिनियर बोलायचा, मी हिंदीत सांगायचो, मिस्त्री हिंदीत बोलायचा, मी रशियनमध्ये सांगायचो. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं वाहून न्यायची. स्वतःचं एकही नाही. संध्याकाळी खोलीवर आलं की आरशासमोर उभं राहून निदान एक शिवी तरी स्वतःची म्हणून द्यावी असं वाटायचं.

माझा साहेब निकोलाय पेत्रोविच. उंच, वाळका, उन्हानं नाक सोलपटलेला, डोक्यावर चारी कोपऱ्यांना गाठी मारलेला रुमाल. भट्टीच्या आतून ज्या खास विटा लावतात त्यांचं काम त्याच्याकडे होतं. लढाईत डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. त्याआधी तो व्हायोलिन वाजवायचा, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

या विटा लावण्याआधी प्रत्येक वीट हातोडीनं टिचकी मारून बघायची असते. धड असली तर खणकन वाजते, आत तडा असला तर बद्द. सगळेच कामगार हे करायचे. डोमाजी मात्र वाजवलेल्या विटा बाजूला ठेवताना आवाजाच्या चढत्या क्रमानं ठेवायचे आणि जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्या ओळीवरून एकदा हातोडी फिरवायचे. कुणासाठी नाही, आपल्याच तंद्रीत. चाळिशीचा, काळा, रुंद छातीचा माणूस, मिशी कातरलेली, खाकी शर्टाची वरपर्यंत लावलेली बटणं. निकोलाय पेत्रोविचनं एकदा ते ऐकलं आणि तो जागीच थबकला. मला म्हणाला, "विचार त्याला, काय वाजवतोस."

मी म्हणालो, "काय रे, काय वाजवतोस तू?"

डोमाजींनी मान वळवली नाही. मी पुन्हा विचारलं. तेव्हा इकडेतिकडे बघून म्हणाले, "कोनाले म्हनून राहिले बाबूजी? इथं 'रे' कोनी नाही."

तेव्हापासून डोमाजी, तुम्ही. मी त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान होतो, आणि ते मला बाबूजीच म्हणत राहिले. पण त्यांच्या 'बाबूजी'त वाकणं नव्हतं.

"क्लॅरनेट वाजवत होतो," ते म्हणाले. "लढाईच्या टायमाले पलटनीच्या बँडमंदी. तिथंच कागदावरचं वाचाले शिकलो. मंग नागपूरच्या बँड पार्टीत. आता सोडलं."

का सोडलं, असं साहेबानं विचारलं. डोमाजींनी हातोडी खाली ठेवली.

"आमी गावचे वाजंत्री. पाटलाच्या घरी मयत झाली का आमाले बलावनं. बलावनं कायचं, हुकूमच तो. आपल्या घरात मानूस मरून पडला असन तरी जा लागे. प्रेताच्या म्होरं वाजवत चालाचं. थांबाचं नाही, बसाचं नाही. माह्या बापाच्या ओठातून रक्त आलं म्हनून त्यानं सनई खाली केली, तं त्याले तिथंच, प्रेताच्या म्होरं, जोड्यानं मारलं. मी पाहत होतो. दीक्षा घेतली तवा साऱ्या वस्तीनं ठरवलं, आजपासून कोनाच्या मयतीत वाजवनार नाही, कोनाच्या देवात वाजवनार नाही. मी बँड बी सोडला. लग्नात तेच असते. उभे राहा, चाला, वाजवा."

साहेब माझ्याकडे बघत होता. माझ्या रशियनमध्ये विटा होत्या, चुना होता, तापमान होतं. पाटील नव्हता. मी म्हणालो, "धार्मिक कारणानं सोडलं म्हणतो."

डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं. "येवढंच? मी तं लय बोललो."

"रशियनमध्ये थोडक्यात होतं."

"मंग भाषा बरी हाये ते," म्हणाले आणि हातोडी उचलली.

संध्याकाळी मी निकोलाय पेत्रोविचच्या घरी गेलो आणि शब्दकोश घेऊन, हातवारे करून, जे सांगायचं होतं ते सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी विटांपाशी येऊन त्यानं मला डोमाजींना एकच गोष्ट सांगायला लावली. रशियन लोकांच्या क्लबात तो एक वाद्यवृंद बसवत होता. त्याचा क्लॅरनेटवाला उन्हानं आजारी पडून मायदेशी गेला होता. "त्याला सांग," साहेब म्हणाला, "आमच्याकडे बसून वाजवतात."

डोमाजींचा विश्वास बसला नाही. त्यांनी उलटतपासणीच सुरू केली.

"खुर्चीवर?"

"खुर्चीवर."

"आन आयकनारे?"

"तेही बसतात. गप्प बसतात."

"मधात कोनी नाचत नाही? कोनी येऊन खांद्यावर हात टाकत नाही, का हे वाजव, ते वाजव म्हनून?"

साहेबाला हा प्रश्नच कळेना. मी म्हणालो, "नाही डोमाजी. संपेपर्यंत कुणी जागचं हलत नाही."

डोमाजींनी एक वीट उचलून टिचकी मारली, ऐकली, आणि बाजूला ठेवत म्हणाले, "नथ्थूले इचारतो."

नथ्थू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, डोमाजींची बायकोही पहिल्या बाळंतपणात गेली, आणि मग त्यांनी लग्न केलं नाही. नथ्थूला वाढवलं, नथ्थूचं लग्न लावलं आणि त्याच्याच मागे कॅम्प-१ या मजूरवस्तीतल्या झोपडीत येऊन राहिले. नथ्थू एका ठेकेदाराकडे खलाशी होता. उंचावर चढून लोखंडी तुळया दोरखंडानं बांधायच्या, वर घ्यायच्या, जागेवर बसवायच्या, हे त्याचं काम. मोठा बोलका प्राणी. डोमाजींच्या तोंडून दिवसाकाठी जेवढे शब्द निघत तेवढे हा चहा थंड होण्याआधी संपवायचा. वर चढल्यावरसुद्धा खालच्यांशी गप्पा मारायचा.

त्याच्या बोलण्याला घरात आणखी एक काम होतं. त्याची बायको भागरता थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढून वावरायची आणि रीतीप्रमाणे त्यांच्याशी थेट बोलायची नाही. डोमाजी हातभर अंतरावर जेवायला बसलेले असायचे, आणि ही नवऱ्याला सांगायची, "तुमच्या दादाले इचारा, भाकर पाहिजे काय." नथ्थू म्हणायचा, "दादा, भाकर?" डोमाजी म्हणायचे, "अर्धी." नथ्थू म्हणायचा, "अर्धी दे." मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू फुटलं. नथ्थू म्हणाला, "हसता काय बाबूजी? तुमची नौकरी तेच माही. तुमाले पगार भेटते, मले भाकर."

डोमाजी वाजवायचं म्हणतात हे कळलं तेव्हा भागरता चुलीपुढून उठली. तिचा बापही वाजंत्रीच होता. ती नवऱ्याकडे तोंड करून म्हणाली, "तुमच्या दादाले सांगा, ते वाजवनं या घरातून गेलं म्हनून माह्या बापानं मले या घरात देली."

डोमाजी भिंतीकडे बघत म्हणाले, "तिले सांग, मयतीत नाही, लग्नात नाही, देवात नाही. खुर्चीवर बसून. आन ते बी माह्या मर्जीनं."

वस्तीतल्या पंचांनी हाच जबाब घेतला. पत्र्याच्या विहारात बसून त्यांनी तासभर चर्चा केली, आणि खुर्चीवर बसून असेल तर हरकत नाही असं ठरलं. एक म्हातारबाबा मात्र निघताना म्हणाले, "डोमा, सवय लय वंगाळ असते. ध्यानात ठेव." डोमाजींनी ट्रंकेतून क्लॅरनेट काढलं. सगळं सोडलं तेव्हा त्यांनी ते विकलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "ते माहं हाये. गावाचं नाही."

आता साहेब बसवत होता ती सिंफनी. चार भागांची, पाऊण तासाची, आणि अशी अवघड की तयारीचे वाद्यवृंदही आधी घाम पुसून बसतात. निकोलाय पेत्रोविचनं ती तरुणपणी वाजवली होती, दहा बोटं होती तेव्हा. इथं त्याच्या हाती काय, तर काही रशियन इंजिनियर, त्यांच्या बायका, ड्रॉइंग ऑफिसातले दोन बंगाली व्हायोलिनवाले, बासरीला एक मल्याळी कंपाउंडर. जी वाद्यं नव्हती त्यांचं काम पियानोवर लोटलेलं. शहाणा माणूस असता तर त्यानं सोपं काहीतरी घेतलं असतं. पण परतण्याआधी हे एकदा उभं करायचंच, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

डोमाजींचं अडलं ते भलत्याच जागी. सूर बरोबर, बोटं बरोबर, कागद वाचता येत होता. त्यांना गप्प बसता येईना. सिंफनीत प्रत्येकाच्या वाट्याला मोकळ्या जागा असतात. बाकीचे वाजवतात, तुम्ही वाद्य मांडीवर ठेवून मोजत बसायचं. वरातीत ज्यानं तोंड काढलं त्यानं शिवी खाल्ली. तिशी उलटेपर्यंत अंगात भिनलेली ती भीती. मोकळी जागा आली की डोमाजी काहीतरी वाजवून ती भरून काढायचे. गोड वाजवायचे, सुरात वाजवायचे, पण वाजवायचे. साहेब ताल दाखवायची छडी आपटायचा. सगळे थांबायचे. "त्याला सांग, इथं काही नाही."

"डोमाजी, इथं काही नाही."

"मले मालूम हाये," ते चिडून म्हणायचे. "हात ऐकत नाही."

शेवटी मोकळी जागा आली की ते वाद्य मांडीवर आडवं ठेवून दोन्ही हातांनी दाबून धरायचे. त्या हातांच्या शिरा फुगलेल्या दिसायच्या.

दुसरी अडचण हळू वाजवण्याची. दुसरा भाग संथ होता, आणि त्यात एका लांबलचक मोकळ्या जागेनंतर क्लॅरनेट एकट्यानं सुरू व्हायचं. सगळे थांबलेले, मागे नुसती दोन व्हायोलिनं श्वासाएवढी. साहेब म्हणायचा, आणखी हळू. डोमाजी म्हणायचे, येवढं हळू कावून, मंग वाजवाचंच कायले. मला एकदा म्हणाले, "बाबूजी, बँडात ढोलाच्या मांगं लपता येते. इथं उघडा पडतो मानूस."

यावर तोड नथ्थूनं काढली. सुट्टीच्या दिवशी दोघं विटांच्या गोदामामागच्या मोकळ्या माळावर जायचे. डोमाजी विटांच्या चवडीवर बसून तो तुकडा वाजवायचे आणि नथ्थू उलट्या पावलांनी लांब लांब जात राहायचा. ऐकू येईनासं झालं की हात वर करायचा. डोमाजींनी आणखी हळू वाजवायचं म्हणजे नथ्थूनं आणखी जवळच हात वर करायला हवा. मी दोन-तीनदा गेलो होतो. धुरळ्यात उभा राहून दोन्ही हात वर करून नाचणारा नथ्थू मला अजून दिसतो. "ऐकू आलं नाही दादा! काहीच आलं नाही!" हे तो एवढ्या जोरात ओरडायचा की माळावरच्या शेळ्या बिथरायच्या. त्या माळावर मी डोमाजींना हसताना पाहिलं. दुसरीकडे कुठे पाहिल्याचं आठवत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी नथ्थूला सुट्टी मिळाली नाही. ठेकेदाराचं काम मागे पडलं होतं, दुपारपाळीला एकही खलाशी सोडणार नाही म्हणाला. नथ्थू रडकुंडीला आला. मग त्यानंच भागरताला तयार केलं. "तू जाय. नीट आयक. आन मले येऊन सांग कसं झालं ते." दिराचं वाजवणं ऐकायला ती एरवी गेली नसती. नवऱ्यासाठी गेली. शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात, मांडीवर वर्षभराची लेक सुमन घेऊन, पदर कपाळावर ओढून बसली होती.

सुरू होण्याआधी निकोलाय पेत्रोविचनं पडद्यामागे सगळ्यांना गोळा केलं. "वीज जाऊ दे, छप्पर पडू दे. शेवटचा सूर संपेपर्यंत कुणीही खुर्ची सोडणार नाही." मी ते मराठीत सांगितलं. डोमाजींच्या अंगावर कुणाचा तरी मागून आणलेला काळा कोट होता, खांद्यात घट्ट. ते म्हणाले, "मी कायले सोडतो."

पहिला भाग कसाबसा पार पडला. बंगाली व्हायोलिनवाले एकदा पुढे निघून गेले, साहेबानं डोळ्यांनी ओढून आणले. मी स्टेजच्या पायऱ्यांशी बसलो होतो, तिथून डोमाजी सरळ दिसत होते. घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता, पण मोकळ्या जागा ते सोडत होते. वाद्य मांडीवर, हात त्यावर दाबलेले. दुसरा भाग सुरू झाला. त्यांची ती लांब मोकळी जागा आली.

आणि भोंगा झाला.

भिलाईत तेव्हा तीन पाळ्यांचे तीन भोंगे असायचे. त्या वेळा सोडून भोंगा झाला तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. कुठेतरी माणूस पडला होता, नाहीतर दबला होता. हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या. ज्यांची माणसं पाळीवर होती ते उठले. दाराशी गर्दी झाली. भोंगा थांबेना. निकोलाय पेत्रोविचची पाठ ताठ झाली, पण छडी चालू राहिली, आणि व्हायोलिनं त्या भोंग्याखाली वाजत राहिली.

भागरता उभी राहिली होती. पोरगी कडेवर. डोक्यावरचा पदर मागे पडला होता आणि ती सरळ स्टेजकडे बघत होती, दिराकडे. डोमाजी तिच्याकडे बघत होते. ती त्यांच्या उठण्याची वाट बघत होती हे मला इतक्या लांबून कळलं, म्हणजे त्यांना कळलंच असणार. भोंगा थांबला. साहेबाचा डावा हात, तीन बोटांचा, डोमाजींकडे वळून हळूच वर आला.

डोमाजींनी वाद्य ओठाला लावलं. भागरता वळली आणि दाराबाहेर गेली.

ती सिंफनी मी पुढे पुष्कळदा ऐकली, रेडिओवर ऐकली, मोठमोठ्यांची ऐकली. तो तुकडा तसा पुन्हा कुणी वाजवलेला मी ऐकला नाही. भोंग्यानंतरच्या शांततेतून तो सूर नेमका कधी सुरू झाला ते कळलंच नाही. इतका हळू, आणि तरी हॉलच्या टोकापर्यंत गेलेला. जे लोक दाराशी होते त्यांतले काही तिथंच उभे राहिले. मला रडू आलं. ते सुखानं आलं होतं, हे लिहायला आज जड जातं.

सगळं संपलं. जेवढे लोक उरले होते त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यात अशी रीत की ज्यानं एकट्यानं वाजवलं त्याला उभं करून मान देतात. साहेबानं डोमाजींना हातानं खूण केली, उठ. ते हलले नाहीत. मी पायऱ्यांवरून म्हणालो, "डोमाजी, उठा. टाळ्या तुमच्यासाठी आहेत."

"कावून उठू?" ते म्हणाले. "बसूनच आयकतो."

तेवढ्यात दारातून ठेकेदाराचा मुन्शी आत आला. धापा टाकत होता. "नथ्थू मेश्राम का भाई कौन है?"

तेव्हा डोमाजी उठले. टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटलं आता मान घेतायत, त्यांनी आणखी जोरात वाजवल्या. डोमाजींनी क्लॅरनेट खुर्चीवर ठेवलं आणि त्या घट्ट काळ्या कोटात धावत सुटले. निकोलाय पेत्रोविच मला विचारत होता, काय म्हणाला तो, काय म्हणाला. मला एकही शब्द सापडेना. पण मेश्राम हे नाव त्यानं ऐकलं होतं. तो स्टेजच्या कडेला खाली बसला.

तारेचा दोर तुटून तुळई आली होती. नथ्थू तिच्याखाली होता. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेला असणार.

दुसऱ्या दिवशी त्याला कॅम्प-१ मध्ये आणलं. विहारातले लोक जमले, पांढरी वस्त्रं, मेणबत्त्या. वाजंत्री अर्थातच नव्हती. डोमाजी अजून त्या काळ्या कोटातच होते, रात्रभर तसेच. भागरता प्रेताजवळून उठली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर नव्हता. लग्न होऊन घरात आल्यापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आता मधे बोलायला कुणी उरलं नव्हतं.

"तुमी मयतीत वाजवनार नोते ना?" ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "वाजवलं ना काल?"

ती परत जाऊन नवऱ्याच्या उशाशी बसली.

ते कामावर परतले, पण टिचकी मारून विटा पारखायचं काम नको म्हणाले. विटा वाहायचं मागून घेतलं. क्लॅरनेट मी क्लबातून नेऊन दिलं होतं, ते ट्रंकेत गेलं. एकदा चवडीच्या सावलीत बसले असताना त्यांनी मला विचारलं, "बाबूजी, मी वाजवाले लागलो तवा तो जिता होता काय?"

मला वाटलं, धीर द्यायची हीच वेळ आहे. मी म्हणालो, "नाही डोमाजी. डॉक्टर म्हणाले ना, क्षणात गेला. भोंगा झाला तेव्हाच गेलेला होता. तुम्ही उठला असता तरी काही उपयोग नव्हता."

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. "म्हंजे बाई खरं बोलली. मयतीतच वाजवलं."

मी घाईनं म्हणालो, "तसं नाही. कदाचित थोडा वेळ असेलही..."

"जिता असन तं मी जाले पाहिजे होतो." ते उठले, डोक्यावर चुंबळ ठेवली. "मी लय हळू वाजवलं बाबूजी. त्याले ऐकू आलं नसन."



निकोलाय पेत्रोविच मायदेशी परतण्याच्या आदल्या दिवशी जीप घेऊन कॅम्प-१ मध्ये आला. मागे क्लबातली ती खुर्ची होती. त्यानं स्वतः उचलून ती झोपडीच्या दारात ठेवली आणि डोमाजींसमोर उभं राहून बोलायला लागला. लढाई, त्याची बोटं, त्याचा स्वतःचा भाऊ, छडी का थांबवली नाही, थांबवली असती तर काय झालं असतं. बोलता बोलता त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. शेवटी त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोमाजींनीही पाहिलं.

मी म्हणालो, "माफ करा म्हणतो."

"येवढंच?" डोमाजी म्हणाले. "ते तं लय बोलले."

"मराठीत थोडक्यात होतं."

त्यांनी मान हलवली आणि साहेबाला दोन्ही हात जोडले. साहेबानं ते हात आपल्या तीन बोटांच्या हातात धरून ठेवले. मग जीप गेली.

भागरता रेजा, म्हणजे बाईमजूर, म्हणून मातीकामावर जाऊ लागली. त्या घरात दोन माणसं राहत होती, एकमेकांसाठी रांधत होती, पाणी भरत होती, आणि त्यांच्यात बोलणं नव्हतं. तो एकच प्रश्न थेट विचारून ती पुन्हा पदराआड गेली होती. पुढे सुमन बोलायला लागली तेव्हा त्या घरात पुन्हा शब्द आले. "मोठ्या बाबाले इचार, भाकर पाहिजे काय." चिमुरडी विचारायची. "अर्धी."

काही वर्षांनी माझी बदली झाली. रशियन लोक कमी झाले होते, मला दुसऱ्या शहरात कारकुनीचं काम मिळालं होतं. निरोप घ्यायला कॅम्प-१ मध्ये गेलो तेव्हा दुपार होती. ती खुर्ची भिंतीला लावलेली होती आणि तिच्यावर मांडी घालून सुमन पाटीवर काहीतरी लिहीत होती. डोमाजी जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. केस पार पांढरे झाले होते. मला पाहून "या बाबूजी" म्हणाले. आतून चहा आला. पावसापाण्याचं बोललो. साहेबाचं जे बोलणं मी पोचवलं नव्हतं ते तेव्हाही माझ्या तोंडी येईना, आणि त्यांनी ते मागितलंही नाही.

दुपारपाळीचा भोंगा झाला. रोजचाच, वेळेवरचा. डोमाजींनी कप खाली ठेवला, भिंतीला हात लावून सावकाश उठले आणि उभे राहिले. मला वाटलं त्यांना कुठे जायचं असेल, म्हणून मीही उठायला लागलो.

सुमन म्हणाली, "तुमी बसा काका. मोठे बाबा रोजच उठतात. तिन्ही भोंग्याले."

डोमाजी दाराबाहेर बघत उभे होते, हात दोन्ही बाजूंना सोडलेले, रिकामे. भोंगा लांबत चालला होता. चुलीकडून भागरताचा आवाज आला. "सुमे, मोठ्या बाबाले म्हन, बसा म्हना आता. लय वर्सं झाले."

पोरगी खुर्चीवरून उतरली. खुर्ची ओढत ओढत तिनं त्यांच्या मागे आणून ठेवली. "मोठे बाबा, माय म्हनते बसा."

डोमाजींनी चुलीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे.

"भोंगा थांबू दे," ते म्हणाले.

भोंगा थांबला. तेव्हा ते बसले, होते तिथंच, जमिनीवर, आणि खुर्ची हातानं सुमनकडे सरकवून दिली.